कलम सात : कारण न देता

योगिता,

तुझ्या नावाआधी ‘चि.’ आणि नावानंतर ‘सा. न.’ असे दोन्ही एकाच ओळीत लिहिणारा माणूस तुझ्या बंगळूरच्या वसतिगृहात कोणी पाहिला नव्हता. तुझ्या खोलीतल्या सोलापूरच्या मुलीने माझे कार्ड वाचून विचारले होते म्हणे, की हे गृहस्थ तुला आशीर्वाद देतात की तुझ्या पाया पडतात, एकदा ठरवायला सांग. तू तिला उत्तर दिलेस, ‘‘आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडते. ती पाळण्यात असली तरी.’’

काल हे लिहायला बसलो आणि हात सवयीने ‘चि.’ लिहून गेला. चाळीस वर्षे गोंदियाच्या तहसील कचेरीच्या आवारात दस्त लिहिले. दस्तात चुकलेला शब्द गिरगटून झाकायचा नसतो. त्यावर एक सरळ रेघ ओढून शेजारी सही करायची असते, म्हणजे काय खोडले आणि कोणी खोडले हे पुढच्याला कळते. मी रेघ ओढली. सही करवली नाही. नमस्कार होता तिथे ठेवला आहे.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या आणि तुझ्या कामाला ‘शरीरावर बांधण्याचे यंत्र’ म्हटले. मी संपादकांना लेखी कळवले की सदरहू वस्तू बांधण्याची नसून अंगाला चिकटणारी आहे. ती यंत्रासारखी वाटू नये एवढ्यासाठीच माझ्या भाचीने नऊ वर्षे घालवली. आणि ज्यांना बांधणे व चिकटणे यांतला भेद कळत नाही त्यांनी मृत माणसांविषयी लिहिण्याची घाई करू नये. ते पत्र छापून आलेले नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘‘मामाजी, कायले? जाऊ द्या ना.’’ हे वाक्य ऐकले की माझ्या कपाळाची शीर उठत असे. गेल्या महिन्याभरात मी अशी आणखी चार पत्रे धाडली, त्यांपैकी दोन पूर्णपणे अनावश्यक होती. टपालपेटीत पत्र सोडल्यावर मी क्षणभर तिथेच थांबतो. मागून कोणी ‘कायले’ म्हणत नाही.

ती वस्तू तू पहिल्यांदा घरी आणलीस तो दिवस मला हवा आहे. एखादा दिवस परत मागण्याचा अर्ज करता येत असता, तर मी त्या दिवसासाठी केला असता.

काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून आणली होतीस. पारदर्शक, सापाच्या कातीहून पातळ, बोटांच्या दोन पेरांएवढी. मी चष्मा लावला तेव्हा तिच्या आतली तार दिसली. सोन्याची, केसाहून बारीक, आणि सरळ कुठेच नाही, सगळी वळणे. आपल्या दवनीवाड्याच्या शिवेजवळ वैनगंगा वळते तशी. मी विचारले, इतके शिकून तुम्हा लोकांना सरळ रेघ ओढता येत नाही काय?

‘‘सरळ तार ताणली का तुटते, मामाजी. वाकडी तार ताणली का थोडी सरळ होते, सोडली का पुन्हा वाकडी. अंगावरची चामडी दिवसभर ताणत राहते, आकसत राहते. तिच्यासंगं जगायचं तं वाकडंच असा लागते.’’

आतून तुझी मामी म्हणाली, ‘‘मंग तुझे मामाजी कधीच तुटणार नाहीत.’’

तू हसता हसता माझा हात ओढलास. ‘‘कोपर द्या.’’

‘‘काऊन?’’

‘‘अशी कातडी आमच्या प्रयोगशाळेत भेटत नाही. तिथं सगळे पंख्याखाली बसणारे. तुमच्या कोपरावर टिकलं तं म्हशीवरही टिकन.’’

तू ती पट्टी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूस ठेवलीस, ओल्या फडक्याने वरचा कागद भिजवलास, कागद सुटून आला आणि खाली काहीच उरले नाही असे मला वाटले. मी हात दुमडला. ओढ लागेल म्हणून दात आवळले होते. ओढ लागली नाही. आपण दुर्गाच्या जुन्या लुगड्यांविषयी बोलू लागलो, मग भाताच्या वाणांविषयी, मग मी कोणाला तरी शिव्या देऊ लागलो, आणि अर्ध्या तासाने तू एकदम म्हणालीस, ‘‘विसरले ना?’’ मी विचारले, काय? तू माझ्या कोपराकडे बोट दाखवलेस. ‘‘झालं मंग. हेच पाहिजे होतं. अंगावर काही आहे हे माणसानं विसरलं पाहिजे.’’

त्या दिवशी मी तुला एक शब्दही चांगला बोललो नाही. ‘बरे आहे’ एवढेच म्हणालो. मनात जे होते ते लिहून देण्याचा विचार केला होता, तोही राहिला.

दुर्गाचे नाव आले. तिची हकीकत तुला सांगणे म्हणजे तुझी वस्तू तुलाच दाखवणे आहे. तथापि ती नोंदवल्याशिवाय आपल्या भांडणाचा पाया दिसत नाही. दुर्गा माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर दोन वर्षांच्या तुला कडेवर घेऊन माझ्या घरी आली आणि माझ्या भाताच्या बांध्यांमध्ये बाकीच्या बायांबरोबर रोपांच्या रोवणीला उतरू लागली. मी नको म्हणालो नाही, हे इथे लिहून ठेवतो. काही वर्षांनी ती म्हणू लागली की चिखलात वाकले की छातीत पाखरू फडफडते आणि डोळ्यांपुढे पांढरे होते. मी तिला चारदा गोंदियाला नेले. टेबलावर निजवून छातीला तारा लावल्या की कागदावरची रेघ शाळेतल्या हुशार मुलासारखी वागे. डॉक्टर म्हणत, ‘‘माँजी, कुछ नहीं है, टेन्शन मत लो.’’ एकोणीसशे नव्व्याण्णवच्या रोवणीत ती पाणी प्यायला बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली आणि उठली नाही. पाण्याचा गडवा तूच नेला होतास. चौदा वर्षांची होतीस.

त्यानंतर तीन वर्षे मी पत्रे लिहिली. प्रत्येकाला पोच आली, प्रत्येक पोचेत ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ हेच शब्द. मी ती सर्व फाईलमध्ये क्रमांक घालून लावत असे आणि तू समोर बसून गणिते सोडवत असस. एकदा मान वर न करता तू म्हणालीस, ‘‘मामाजी, आईचं दिल टेबलावर शहाणं राहत होतं. बांधीत गेलं का बिघडत होतं. तं ते टेबलच बांधीत न्या लागते. पत्रानं का होते?’’

मला राग आला. सतरा वर्षांच्या मुलीने माझ्या तीन वर्षांच्या फाईलचा निकाल एका वाक्यात लावला होता. नंतरची सगळी वर्षे तू तेच टेबल पातळ करत गेलीस. आधी ते पाटीएवढे, मग पत्त्याएवढे, मग त्याला कातडीची लवचीकता, मग घाम जायला बारीक छिद्रे. दर सुटीत येऊन सांगायचीस की यंदा किती मऊ झाले. मी विचारायचो, त्याला कायद्याने कोण परवानगी देणार? तू म्हणायचीस, आधी होऊ तं द्या.

आणि झाले. दोन वर्षांमागच्या रोवणीत तू दोन विद्यार्थी आणि पट्ट्यांचा निळा डबा घेऊन दवनीवाड्यात उतरलीस. आपल्याच बांध्यांत काम करणाऱ्या बारा बायांच्या गळ्याच्या हाडाखाली, छातीवर, एकेक पट्टी लागली. दुपारच्या आत आठ गळून चिखलात पडल्या. तुझे विद्यार्थी डिंकाला दोष देऊ लागले, हवेतल्या दमटपणाची आकडेमोड करू लागले. तू धुऱ्यावर बसून कपाळाला हात लावला होतास. तेव्हा भागरथा, जी दुर्गाच्या शेजारी रोवायची आणि तिचा शेवटचा गडवा जिने धरला होता, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘बाई, तेल लावून राहिलो ना आमी. चिखल बसू नये म्हणून.’’

मोहाच्या बियांचे तेल. मान, छाती, हात, पाय, सगळीकडे. रोवणीला उतरणारी प्रत्येक बाई पहाटे ते लावते. तुझी आई लावायची. तू तिच्या पाठीला लावून द्यायचीस. बंगळूरला तुम्ही प्रत्येक कातडी स्पिरिटने पुसून घेत होता, आणि इतक्या वर्षांत ते तेल तुझ्या ध्यानात आले नव्हते. तू इतकी हसलीस की डोळे पुसावे लागले. ‘‘भागरथामावशी, मी याच गावची ना वं?’’

‘‘होतीस,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायांनी छातीवरचा तेवढा भाग कोरडा ठेवला आणि पट्ट्या टिकल्या. तुझ्या संगणकावर बारा बायांची बारा हृदये उमटू लागली, वाकताना, उठताना, पाण्यात, उन्हात. मी तुझ्या मागे उभा होतो आणि त्या रेघांमध्ये दुर्गाची रेघ शोधत होतो, जे बेकायदेशीर नसले तरी मूर्खपणाचे होते.

त्याच दुपारी भागरथा तुझ्या विद्यार्थ्याजवळ आली आणि म्हणाली, काढून द्या. त्याने नियमाप्रमाणे तक्ता उघडला. नवव्या रकान्यात, पट्टी मध्येच काढल्यास त्याचे कारण. तो सज्जन मुलगा होता. त्याने हिंदीत विचारले, ‘‘कारण बताना पड़ेगा, मौसी.’’ तिने पदर नीट केला आणि ती परत बांधीत उतरली. संध्याकाळी पट्टी निघाली तेव्हा खालची कातडी लालभडक, फोड आलेली. मी तिला एकीकडे घेऊन विचारले, काढली का नाहीस?

‘‘सरकारी हाय ना जी. कारण लिहा लागते म्हणे. माह्यं कारण लिहिण्यासारखं नोहोतं.’’

ते कारण काय होते हे तिने मला सांगितले नाही. मी दोनदा विचारले.

आता जे घडले ते मी माझ्याविरुद्ध नोंदवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, मामीच्या हातचे भात-वरण जेवत होतीस, आणि मी गावच्या पोस्टात उभा राहून तुझ्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीला उद्देशून तीन पानी पत्र पोचपावतीसह रजिस्टर करत होतो. अकरा मुद्दे होते. अंगठा उठवणाऱ्या बायांना मजकूर समजेल अशा भाषेत वाचून दाखवला गेला नाही. औषधोपचार आणि चाचणी यांतला फरक सांगितला गेला नाही. माघार घेणाऱ्या व्यक्तीस कारण विचारणे म्हणजे तिला माघार नाकारणे होय. आजही त्यातले एक अक्षर मागे घेण्याची माझी तयारी नाही. मी मागे घेईन ती फक्त पोस्टापर्यंतची वाट. घरातल्या घरात दहा पावले चालून मी तुझ्या ताटासमोर बसू शकलो असतो.

चाचणी थांबली. पाठोपाठ रोवणीही संपली, म्हणजे एक वर्ष गेले. तुला संस्थेकडून कळले. तू ओसरीत येऊन उभी राहिलीस. आवाज चढवला नाहीस, त्याचेच मला भय वाटले.

‘‘मी घरातच होती, मामाजी. मले सांगता आलं असतं.’’

मी म्हणालो, ‘‘तोंडी सांगण्याला पुरावा राहत नाही.’’

असे उत्तर मी दिले. बेचाळीस अंशांच्या उन्हात वाढवलेल्या, आईविना राहिलेल्या, माझ्या खांद्यावर झोपलेल्या मुलीला. निघताना रिवाजाप्रमाणे मी वाकलो, आणि तू पाय मागे घेतलेस. माझे हात शेणाने सारवलेल्या जमिनीला लागले. सोळा महिने तुझे पत्र नव्हते.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर गावच्या मंडईची जत्रा होती. चौकात दंडारीच्या नाचाचा ढोल वाजत होता, मामी पाहुण्यांसाठी वडे तळत होती, आणि तू न कळवता दारात उभी राहिलीस. हातात माझ्या तीन पानी पत्राची प्रत. त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

‘‘अकरा मुद्दे वाचले. नऊ बरोबर आहेत. दोन उगाच आहेत.’’

‘‘कोणते दोन?’’

‘‘ते नंतर सांगीन. आता नुसतं नको म्हणून नका राहू. कसं पाहिजे ते लिहून द्या.’’

मग तू त्या सोळा महिन्यांत काय केलेस ते सांगितलेस. पट्टी वळवून वळवून, लाखदा ताणून पाहिली होती. ‘‘तार मधात तुटतच नाही, मामाजी. कडक चिप आणि मऊ रबर जिथं भेटते, तिथं तुटते. दरवेळी तिथंच. म्हणून मी मधात एक थर टाकला. ना कडक, ना मऊ.’’

मी विचारले, त्या थराला काय म्हणतात?

‘‘नाव नाही अजून. मामी म्हणू का?’’

चुलीपाशी झारा आपटल्याचा आवाज आला. त्या घरात सोळा महिन्यांनी तिघे एकदम हसलो.

संमतिपत्राचा मसुदा आपण ओसरीत बसून केला. सहा कलमे एका दिवसात झाली. सातव्याला तीन दिवस लागले. मी लिहिले होते : ‘सहभागी व्यक्तीस चाचणीच्या कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण नमूद न करता, आपला सहभाग संपुष्टात आणण्याचा निर्बाध अधिकार राहील.’ मला त्या वाक्याचा अभिमान होता. तू भागरथाला बोलावून वाचून दाखवलेस. ती म्हणाली, ‘‘म्हंजे?’’ मी शब्द सोपे केले. ती म्हणाली, ‘‘म्हंजे का करा लागते?’’ तिसऱ्या दिवशी तू माझ्या हातातून पेन काढून घेतलेस आणि लिहिलेस : ‘पट्टी मनात येईन तेव्हा काढा. काऊन काढली, ते कोणी पुसणार नाही.’ भागरथाने मान हलवली. कलम सात कायम झाले. मी खाली साक्षीदार म्हणून सही केली.

जाताना तू उंबऱ्यावर थांबलीस, चपला काढल्यास आणि पाय पुढे केलेस. ‘‘घ्या, पडा.’’

कोणते दोन, ते मात्र तू सांगितले नाहीस. मी ते पत्र काढून पुन्हा पुन्हा वाचतो आहे. कधी वाटते चौथा आणि दहावा. कधी वाटते, तू उगाच म्हणालीस, मला अस्वस्थ ठेवायला. तू सांगितले असतेस तर मी वाद घातला असता. तो वाद मला हवा होता. आजही हवा आहे.

नवीन पट्ट्या तयार व्हायच्या आत माघात तुझ्या रक्तात दुखणे निघाले.

नागपूरच्या त्या इस्पितळाविषयी मी लिहिणार नाही, कारण लिहू लागलो तर तक्रारच होईल आणि हे पत्र तुझे आहे. एवढेच, की कातडी दुखू नये म्हणून जिने आयुष्य घातले, तिच्या छातीवर बिल्ल्यांसारखे टणक, चिकट ठोकळे होते, आणि ते बदलताना प्रत्येक वेळी तुझी कातडी त्यांच्याबरोबर निघून येई, खाली काळेनिळे डाग उठत. तू म्हणालीस, ‘‘मामाजी, हे मी बनवलं असतं ना, तं नापास झाली असती.’’ मी तुझ्या निळ्या डब्यातल्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले, मंजुरी नसलेली वस्तू रुग्णाला लावता येत नाही. नियम बरोबर होता. तसल्याच नियमाच्या बाजूने मी तीन पाने लिहिली होती. मी डबा पिशवीत घातला आणि परत आलो.

डॉक्टरांनी औषधे थांबवली त्या सकाळी तू माझा हात धरलास. ‘‘आता हे सगळं काढा. मले दवनीवाड्याले न्या.’’

मी विचारले, ‘‘काऊन?’’

तुझ्या ओठांवर जे आले त्याला मी हसू म्हणतो. ‘‘कलम सात, मामाजी.’’

योगिता, ते कलम मला तोंडपाठ होते. खाली माझी सही होती. एका बाईचे न सांगितलेले कारण जपावे म्हणून मी तुझे एक वर्ष आणि आपला सोळा महिन्यांचा संवाद खर्ची घातला होता. आणि तू जेव्हा तेच कलम माझ्यापुढे ठेवलेस, तेव्हा मी खुर्ची ओढून अर्ज लिहायला बसलो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, रक्ताच्या चाचण्या पुन्हा कराव्यात, उपचार थांबवण्याची कारणे लेखी द्यावीत. दोन दिवस मी त्या मजल्यावरून ह्या मजल्यावर हिंडलो आणि परत येऊन दरवेळी तुला विचारले : घरी कशाला? इथे काय कमी आहे? काही दुखते आहे का? मला कारण सांग, म्हणजे मी त्यांच्याशी बोलतो.

तू सांगितले नाहीस. कलमाप्रमाणे ते तुझ्यावर बंधनकारक नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज मागे घेतले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हलवता येणार नाही. दवनीवाडा राहिला. तारा तेवढ्या काढता येत होत्या. मामीने तुझ्या पायांना चोळायला घरून तेलाची बाटली आणली होती. ड्यूटीवरच्या सिस्टरने ती पाहिली आणि म्हणाली, ‘‘अंकल, तेल लगाके निकालते हैं, स्किन नहीं छिलेगा.’’ ज्या तेलाने तुझ्या आठ पट्ट्या चिखलात पाडल्या होत्या, तेच तेल तिने बोटाने प्रत्येक ठोकळ्याच्या कडेकडेने लावले आणि वाट पाहिली. एकेक सुटत गेला. कातडी निघाली नाही. खोलीभर मोहाच्या बियांचा वास झाला. तू डोळे मिटूनच म्हणालीस, ‘‘रोवणी लागली का?’’

मामी म्हणाली, ‘‘लागन आता.’’

पायाच्या अंगठ्याला एक चिमटा होता, तो मी काढला. काढल्यावर हात तिथेच ठेवला. तू पाय मागे घेतले नाहीस. दुपारी तू गेलीस.

त्या दोन दिवसांची माफी मागावी असे कितीदा मनात आले. पण माफीच्या अर्जालाही कारण जोडावे लागते, आणि माझ्यापाशी जे आहे ते भागरथाच्या भाषेत लिहिण्यासारखे नाही. मला तू हवी होतीस. याहून वेगळे कारण मी त्या खोलीत कधी शोधतच नव्हतो. तुझ्याकडून ते मागत मात्र होतो.

परवा तुझा विद्यार्थी आला, तोच, नवव्या रकान्याचा. दाढी ठेवली आहे. त्याने तुझ्या शेवटच्या रीतीने ओतलेल्या पट्ट्या आणल्या होत्या, मधल्या थरासकट. समितीची मंजुरी आली होती. त्या थरासमोर कागदोपत्री तुझ्या हस्ताक्षरात ‘मामी’ लिहिलेले आहे. त्याने विचारले, हे कशाचे संक्षिप्त रूप आहे? मामीने त्याला आणखी भात वाढला.

संमतिपत्र मी वाचून दाखवले. बारा बाया, त्यांत दोन नव्या. पट्ट्या तेलावर टिकतात आता. तू केलेस ते. दुपारपर्यंत एकही गळाली नाही, आणि तिसरी ओळ रोवेपर्यंत बाया त्यांना विसरूनही गेल्या. मी छत्री धरून धुऱ्यावर वही घेऊन बसलो होतो, जिथे दुर्गा बसली होती त्याच्या दोन हात अलीकडे. वहीत चारच रकाने मी आखले होते : नाव, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, सही अथवा अंगठा.

ऊन कलताना भागरथा बांधीतून वर आली. माझ्यासमोर उभी राहून तिने पदराआड हात घातला, पट्टी अलगद सोलून काढली आणि माझ्या पुढे धरली. खालची कातडी स्वच्छ होती. ती दमलेली दिसत नव्हती, आजारीही नाही. माझे तोंड उघडले होते, योगिता. ‘का’ जिभेवर आला होता.

मी हात पुढे केला. तिने पट्टी माझ्या तळव्यावर ठेवली, गडव्यातले पाणी प्यायली आणि परत चिखलात उतरली. मी वहीत वेळ लिहिली, तिच्या अंगठ्यासाठी पानाचा कोपरा दुमडून ठेवला. पट्टी तळव्यावर तशीच राहू दिली. इतकी हलकी होती की नजर काढली असती तर ती आहे हे विसरलो असतो. मी नजर काढली नाही. अजून कोमट होती.